सहाव्या पिढीचे उंदीर



कर्करोगाच्या अभ्यासकांनी उंदरांची एक अशी जात तयार केली, की तिच्यात पहिल्या पिढीला काहीच झालं नाही आणि सहाव्या पिढीला सगळंच झालं. केस लवकर पिकले, जागोजागी गळाले, जखमा भरायला वेळ लागू लागला, पिल्लं होणं थांबलं. या जातीच्या मूळ पूर्वजांमधून एकच जनुक काढलं होतं. टेलोमरेज नावाच्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, एक भाग तयार करणारं.

हे विकर करतं काय? जुनं पुस्तक बाइंडरकडे दिलं, की तो कडा कापून सारख्या करतो. दर बांधणीला समास थोडा कमी होतो. समास संपला, की अक्षरं कापली जातात. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना असाच कोरा समास असतो. त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगली की तो थोडा झिजतो. टेलोमरेज ही झीज भरून काढतं. १९८४च्या नाताळच्या दिवशी बर्कलीत कॅरल ग्रायडर या विद्यार्थिनीला त्याचा पहिला पुरावा दिसला, तोही तळ्यात राहणाऱ्या टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात. तिच्या मार्गदर्शक एलिझाबेथ ब्लॅकबर्न. २००९चं नोबेल या दोघींना आणि जॅक शोस्टाक यांना मिळालं.

माणसाच्या बहुतेक पेशींत टेलोमरेज बंद असतं. १९९४ साली मात्र कर्करोगाच्या गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ९० टक्के गाठींत ते चालू सापडलं. मग सरळ हिशेब असा, की टेलोमरेज काढून घ्या, गाठ वाढणार नाही.

१९९७ साली मारिया ब्लास्को, ग्रायडर आणि रोनाल्ड डेपिन्हो यांच्या गटांनी टेलोमरेजविना उंदीर तयार केले आणि हिशेब चुकला. या उंदरांच्या पेशी प्रयोगशाळेत कर्करोगी बनवता आल्या, त्यांच्या गाठीही झाल्या. कारण तसं साधं होतं. प्रयोगशाळेतल्या उंदराचे टेलोमिअर माणसापेक्षा कितीतरी लांब असतात. ते एका जन्मात संपत नाहीत. म्हणून पिढ्यांमागून पिढ्या वाढवाव्या लागल्या.

आणि मग खरा गोंधळ सुरू झाला. तोकड्या टेलोमिअरच्या उंदरांना त्वचेवर रसायनं लावून गाठी आणायचा प्रयत्न केला, तर गाठी कमी आल्या. पण याच जातीच्या म्हाताऱ्या उंदरांत आपोआप होणारे कर्करोग वाढलेले दिसले. २००१ साली आतड्याच्या कर्करोगाकडे झुकणाऱ्या उंदरांत तर दोन्ही एकदम दिसलं. अगदी सुरुवातीच्या बारीक गाठी वाढल्या, डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या गाठी घटल्या.

याची किल्ली पी५३ या जनुकात आहे. गुणसूत्राचं टोक उघडं पडलं, की पी५३ त्या पेशीला थांबवतं किंवा मरायला लावतं. हा पहारेकरी जागेवर असेल, तर तोकडा टेलोमिअर म्हणजे ब्रेक. तो ढिला पडला, की उघडी टोकं एकमेकांना चिकटतात, पुढच्या विभाजनात ओढाताण होऊन गुणसूत्रं भलत्याच जागी तुटतात, तुकडे इकडचे तिकडे जातात. पी५३ बिघडलेल्या उंदरांना एरवी लिम्फोमा आणि सार्कोमा या प्रकारचे कर्करोग होतात. टेलोमिअरही तोकडे केल्यावर त्यांना स्तनाचे, त्वचेचे, आतड्याचे कर्करोग होऊ लागले, म्हणजे उतारवयात माणसाला होतात तसे.

पण अशा मोडतोड झालेल्या पेशीला पुढे जगायचं तर टोकं पुन्हा झाकायला हवीत. २०१२ साली डेपिन्हो यांच्या गटाने प्रोस्टेट कर्करोगाच्या उंदरांत आधी टेलोमिअर झिजू दिले आणि मग टेलोमरेज चालू केलं. काही उंदरांत कर्करोग हाडांपर्यंत पोचला. ज्यांच्यात ते बंदच ठेवलं, त्यांच्यात गाठी रखडल्या. टेलोमरेज चांगलं की वाईट असं मला कोणी विचारलं, की मी उलट विचारतो, कधी? गाठ धरण्याआधी की धरल्यानंतर?

त्याच वर्षी माद्रिदला ब्लास्को यांच्या गटाने एक वर्षाच्या आणि दोन वर्षांच्या उंदरांना विषाणूमार्फत टेलोमरेजचं जनुक दिलं. आयुष्य अनुक्रमे २४ आणि १३ टक्के वाढलं, कर्करोग वाढला नाही. तारुण्याच्या गोळ्या विकणाऱ्यांना एवढंच सांगायला आवडतं. जन्मापासून त्वचेत जादा टेलोमरेज असलेल्या उंदरांत गाठी वाढल्या होत्या, हे ते सांगत नाहीत.

शिवाय उंदीर म्हणजे माणूस नव्हे. रॉचेस्टर विद्यापीठात वेरा गोर्बुनोवा आणि आंद्रेई सेलुआनोव यांनी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या पंधरा जाती तपासल्या. टेलोमरेज चालू की बंद, याचा संबंध आयुष्याशी नव्हे, वजनाशी निघाला. छोट्या उंदरात ते चालू. बीव्हर आणि कॅपिबारा या धिप्पाड भाऊबंदांत दाबलेलं. अंग मोठं म्हणजे पेशी जास्त, आणि त्यातली एखादी बिथरण्याची शक्यताही जास्त; म्हणून उत्क्रांतीने तिथे हा मार्ग आधीच बंद केला असावा, असं त्यांचं म्हणणं. या बाबतीत माणूस कॅपिबाराच्या रांगेत बसतो. त्यामुळे टेलोमरेज रोखणाऱ्या औषधाने साध्या उंदरावर गुण दाखवला नाही, म्हणून ते टाकून देता येत नाही, आणि दाखवला म्हणून लगेच माणसाला देताही येत नाही.