‘यंदा राहू दे’ म्हणण्याआधी

(बारावी झालेल्या मुली आणि त्यांच्या आया यांच्या गडचिरोली येथील मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आणि रोवणीची एक दिवसाची मजुरी बुडवून मुलींसोबत आलेल्या आयांनो,

आत येताना एका मुलीने मला विचारलं, “बाई, पुरामुळे आमचा रस्ता बंद होता. फॉर्मची तारीख गेली. माझं वर्ष गेलं का?” तिला मी तिथे दारात उत्तर दिलं नाही. हा प्रश्न इथल्या पुष्कळ जणींचा आहे, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. वर्ष गेलेलं नाही. एक तारीख गेली आहे. वर्ष जातं ते घरात, कुणीतरी ‘यंदा राहू दे’ म्हणतं तेव्हा.

मी नुसता धीर देण्यासाठी हे बोलत नाही. २०२० आणि २०२१ ही कोरोनाची दोन वर्षं आठवा. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला होता. तो रद्द झाला आणि बाकीच्या विषयांच्या सरासरीवरून गुण दिले गेले. बारावीचा निकाल १६ जुलैला लागला. महाविद्यालयांना कुलपं होती, एस.टी. बंद होती. मग प्रवेश कसला, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण विद्यापीठ अनुदान आयोगाने वेळापत्रकच बदललं. प्रथम वर्षाचे प्रवेश ३१ ऑक्टोबरपर्यंत, वर्ग १ नोव्हेंबरपासून आणि रिकाम्या राहिलेल्या जागा ३० नोव्हेंबरपर्यंत भरायच्या, असं ठरलं.

२०२१ मध्ये तर बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या वर्षातल्या कामाचे ४० टक्के धरून ३ ऑगस्टला निकाल लागला. अकरावीसाठी सामाईक परीक्षा ठेवली होती, ती मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑगस्टला रद्द केली. ‘परीक्षा न देता पास झालेल्या’ म्हणून त्या मुलींना लोकांनी हिणवलं. त्यांच्यातल्या कितीतरी जणी पुढे पदवीधर झाल्या.

संकट सगळ्यांवर येतं तेव्हा नियमसुद्धा बदलतात, हे यातून आपण शिकायचं. फक्त ती बातमी शहरातल्या मुलीला त्याच दिवशी कळते आणि जिथे मोबाईलला रेंज नाही त्या गावातल्या मुलीला पंधरा दिवसांनी. आपलं नुकसान बहुतेक वेळा या पंधरा दिवसांत होतं.

मला दोन मुलींबद्दल सांगायचं आहे. नावं सांगत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणातून पाणी सोडलं आणि वैनगंगेला मोठा पूर आला. ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी या भागातली नदीकाठची गावं पाण्यात गेली. पहिल्या मुलीच्या घरातलं धान भिजलं, तसा तिचा शाळा सोडल्याचा दाखलाही भिजला. बाप म्हणाला, “बांधी गेली, आता कॉलेज कुठलं?” आमच्या गटातल्या दोघी जणी तिच्यासोबत शाळेत गेल्या आणि दाखल्याची दुसरी प्रत काढून आणली. मग महाविद्यालयात लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. नोव्हेंबरमध्ये रिकाम्या जागेवर तिचं नाव लागलं.

दुसरी मुलगी माझ्याकडे स्वतःहून आली होती. घरी पैसे नव्हते, तेंदूपत्त्याची मजुरी किराण्यात संपली होती. मी दमलेली होते, सगळीकडे आजार होता. मी तिला म्हणाले, “यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी मी तिच्या घरी गेले तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. वय अठरा पूर्ण होतं, म्हणून कायद्याने बोलायलाही जागा नव्हती. तिच्या आईने मला चहा दिला आणि एवढंच म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना बाई, राहू दे.” तो चहा माझ्या घशाखाली उतरला नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही मुलीला हे तीन शब्द बोलत नाही, आणि तुम्हीही बोलू नका.

आता कामाचं बोलू. तारीख गेली असली तरी महाविद्यालयात स्वतः जा आणि जागा रिकामी आहे का ते विचारा. ‘नाही’ म्हणाले तर अर्ज द्या, पोच मागा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ पासून गडचिरोलीलाच गोंडवाना विद्यापीठ आहे. माझ्या वेळी विद्यापीठाच्या कागदासाठी नागपूर गाठावं लागे. आता मुदतवाढ मागायची तर गटाने मिळून तिथे जाता येतं. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी यांच्या तारखा मात्र कडक असतात. पण तिथेही प्रवेशाच्या एकाहून जास्त फेऱ्या होतात. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून रडत बसू नका.

गुणपत्रिका हरवली किंवा भिजली तर नागपूरच्या विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत मिळते. जातीचा दाखला, जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला ही कामं निकालाची वाट न पाहता उन्हाळ्यातच सुरू करा. फीची भीती वाटत असेल तर हे ऐका. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये काढला. आरक्षित प्रवर्गांतल्या काही मुलींना पूर्वी निम्मीच सवलत होती. अटी नीट वाचून घ्या. आदिवासी मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्याजेवणाच्या खर्चासाठी ‘स्वयम्’ योजना आहे. त्याची चौकशी प्रकल्प कार्यालयात करा. आणि सगळे रस्ते बंद झाले तरी १९८९ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. मात्र ‘घरी बसून शीक’ हे मुलीला घरातच ठेवायचं निमित्त होऊ देऊ नका.

गटातल्या मैत्रिणींना माझं एक सांगणं आहे. बचत गटाच्या वहीत कर्जाच्या हप्त्यांसाठी एक पान असतं. तसंच एक पान बारावी झालेल्या मुलींसाठी ठेवा. गावात किती मुली पास झाल्या, कुणी अर्ज भरला, कुणाचा कागद अडला, ते लिहा आणि जून ते सप्टेंबर दर बैठकीत ते पान वाचा. जिच्या नावापुढची जागा कोरी असेल तिच्या घरी दुसऱ्याच दिवशी जा. माझ्या वहीत असं पान असतं, तर ती दुसरी मुलगी सुटली नसती.

आणि दारात प्रश्न विचारणारी मुलगी कुठे आहे? तिकडे मागे बसली आहेस होय? जेवण झालं की जाऊ नकोस. तुझा अर्ज आपण इथेच बसून लिहू. उद्या तुझ्यासोबत कोण येणार ते मात्र आत्ताच ठरू दे. ज्या येतील त्यांनी हात वर करा.