फोटो काढताना उभं कुठं राहायचं?



आज दुपारी मला घोटीला न्यायला स्टेशनवर आलेल्या गृहस्थांनी वाटेतच विचारलं, "सर, मुलगी बारावीला आहे. विद्यापीठात फोटोग्राफी शिकायची म्हणते. फोटो तर आता मोबाइलवर सगळेच काढतात. त्यासाठी चार वर्षं घालवायची का?" तेव्हा मी नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते समोरच बसले आहेत, म्हणून आजचं बोलणं त्यांच्याशीच.

नुसता कॅमेरा शिकायला चार वर्षं लागत नाहीत. ॲपर्चर, शटर, आयएसओ महिनाभरात त्यावर हात बसतो. मग उरलेला वेळ आम्ही विद्यापीठात शिकवणारे काय करतो?

एक वर्ग सांगतो. तुमच्याच तालुक्यातला एक विद्यार्थी आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, तीस फोटो घेऊन आला. ते आम्ही भिंतीवर टाचले. आमच्याकडे रीत अशी, की ज्याचे फोटो त्यानं आधी गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी काय दिसतं ते बोलायचं. खाचरात साठलेलं पाणी, मागं ढगांत बुडालेला डोंगर, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद घेऊन वाकलेल्या बायांची रांग. सगळ्यांनी वाहवा केली. मग एका मुलीनं विचारलं, "यातल्या एकीचंही तोंड का दिसत नाही? तू कुठं उभा होतास?"

"बांधावर. कॅमेरा भिजला असता." थोडा वेळ गेला आणि तो म्हणाला, "रांगेतली तिसरी माझी आई आहे."

पुढच्या शनिवारी तो गावी गेला, दुपारपर्यंत चिखलात उतरून रोपं लावली आणि मग कॅमेरा काढला. या वेळी बाराच फोटो आणले. रोपांची जुडी धरलेली बोटं, नखांत गाळ. एका फोटोत आई कमरेवर हात ठेवून उभी राहते आहे आणि थेट त्याच्याकडे बघते आहे, जरा वैतागून. दोन फोटो हललेले, एकावर पाण्याचा थेंब. परीक्षेच्या हिशेबानं पहिले तीस जास्त नेटके होते. पण या बारांत कोण कुणाकडे बघतंय हे कळत होतं. त्याला हे कुठल्याही पुस्तकातून सांगता आलं नसतं. त्यासाठी ती भिंत लागते, तो प्रश्न विचारणारी वर्गमैत्रीण लागते आणि पुन्हा गावी जायला सवड लागते.

हे शिक्षण आपल्याकडे नवं नाही. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची घोषणा झाली आणि १८५५ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत त्याचा वर्ग सुरूही झाला. त्याच वर्गातून हरिश्चंद्र चिंतामण हे पहिल्या पिढीतले भारतीय छायाचित्रकार पुढं आले. आणि तुमच्या शेजारच्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके! १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला गेले, तिथून बडोद्याच्या कलाभवनात. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या वाढीचं चित्रण केलं होतं, थोडं थोडं करत, कित्येक दिवस. मला त्यांच्या सगळ्या कामात तो वाटाणा फार मोलाचा वाटतो. पहिल्या सत्रात माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच काम देतो: एक वस्तू, एकच जागा, पुष्कळ दिवस.

'तू कुठं उभा होतास?' हाच प्रश्न घेऊन आता डोंगरापलीकडे, जव्हारला चला. बोहाड्यातली देव-दैत्यांचे मुखवटे घातलेली सोंगं इथं कुणाला सांगायला नकोत. गौरी गिल या छायाचित्रकार दिल्लीत आणि मग अमेरिकेत शिकल्या. त्यांनी जव्हारला मुखवटे करणाऱ्या सुभाष आणि भगवान कडू या भावांकडे वेगळीच मागणी केली: देव-दैत्य नकोत, रोजच्या जगण्यातले मुखवटे करा. मग माणसांचे, प्राण्यांचे, घरातल्या किमती वस्तूंचे मुखवटे कागदाच्या लगद्यातून तयार झाले. गावातल्याच लोकांनी ते घालून आपापली रोजची कामं करताना फोटो काढून घेतले. २०१८ मध्ये हे फोटो न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या कलासंस्थेत लागले. आदिवासी पाड्यावरचे फोटो म्हटले की गरिबी किंवा नाच, एवढंच आपण बघत आलो. इथं मात्र काय दाखवायचं हे फोटोतला माणूसही ठरवतो आहे.

त्याआधी डहाणूजवळच्या गंजाडला गौरी गिल यांनी वारली चित्रकार राजेश वनगड यांच्यासोबत असंच काम केलं होतं. वनगड त्यांना आपल्या आयुष्यातल्या जागा दाखवत हिंडले, तिथं काय काय घडलं ते सांगत गेले. फोटोत यातलं काहीच उतरलं नव्हतं, नुसती जमीन आणि झाडं. मग वनगडांनी त्या फोटोंवरच आपल्या रेषा काढल्या. आपल्या फोटोवर दुसऱ्यानं हात फिरवावा, ही तयारी फार उशिरा येते. मला स्वतःला ती यायला पंधरा वर्षं लागली.

पोटापाण्याचं विचाराल, तर वाट अवघड आहे, हे मी लपवणार नाही. आमचे बरेच विद्यार्थी लग्नाचे फोटो काढून भाडं भागवतात आणि आपलं काम उरलेल्या वेळात करतात. अकोल्याचे सुधारक ओलवे वृत्तपत्रात नोकरी करत असताना मुंबईच्या सफाई कामगारांसोबत वर्षानुवर्षं जात राहिले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्याआधी त्या कामाला दिलेला वेळ कुठल्याच पगारपत्रकात नव्हता.

म्हणून, दादा, मुलीला एवढंच सांगा. येताना मी पाहिलं, राब भाजून झालेत. पहिल्या पावसात त्यात भात पेरलं जाईल. त्या दिवसापासून आवणीपर्यंत, साधारण महिनाभर, रोज सकाळी त्याच जागेवरून एक फोटो. मोबाइलचा चालेल. सगळे छापून घेऊन यायला सांगा, चुकलेलेसुद्धा.