सुई कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्या आपल्यापैकी प्रत्येकीनं कधी ना कधी इंजेक्शन घेतलेलं आहे. गरोदरपणातलं धनुर्वाताचं, तापात कमरेवर दिलेलं. त्या सिरिंजमध्ये काय होतं, हे किती जणींना सांगितलं गेलं? किती जणींनी विचारलं? बाही वर करायची, मान फिरवायची, डोळे मिटायचे, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं. आज मी अशा एका इंजेक्शनाबद्दल बोलणार आहे जे दर आठवड्याला लागतं आणि जे बाई घरी, स्वतःच्या हातानं घेऊ शकते. औषधाचं नाव मेथोट्रेक्झेट.

ते अनेकदा दिलं जातं ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी. आपल्याकडे याला आमवात म्हणतात. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. बोटं सुजतात, सकाळी तास-तासभर मूठ वळत नाही, उपचार झाला नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. पुरुषांच्या दोन ते तीन पट बायकांना हा आजार होतो, आणि बऱ्याच जणींना ऐन कामाच्या वयात. मला स्वतःला तो आहे. पीठ मळता येत नाही, पिळे पिळता येत नाहीत, बाळाला उचलता येत नाही. घरात मात्र ऐकू येतं, “कामाचा कंटाळा, दुसरं काय!” लग्न न झालेल्या मुली तर औषध कपाटात लपवून ठेवतात. सोयरीक मोडेल ही आईवडिलांची भीती.

हे औषध गोळीतही मिळतं. पण मात्रा वाढवावी लागली, साधारण आठवड्याला १५ मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की गोळी पोटातून पुरेशी शोषली जात नाही. काही जणींना गोळीनं फार मळमळतं. अशा वेळी डॉक्टर इंजेक्शन सुचवतात. वर्षाचे ५२ आठवडे. दर वेळी दवाखाना गाठायचा तर बसभाडं, टोचण्याचे पैसे, अर्ध्या दिवसाचा रोज बुडणार, वर कुणाला तरी सोबत यायला विनवायचं. मग एक आठवडा चुकतो, दुसरा चुकतो, आणि सांधे पुन्हा धरतात. म्हणून घरी शिकून घेणं ही हौस नव्हे, गरज आहे.

शिकणं अवघड नाही. इंजेक्शन शिरेत द्यायचं नसतं, कातडीखालच्या चरबीत द्यायचं असतं. जागा दोन: पोट, बेंबीपासून तीन बोटं सोडून, किंवा मांडीचा पुढचा भाग. दर आठवड्याला जागा बदलायची. हात साबणानं धुवायचे. औषधाचं नाव, ताकद, तारीख वाचायची. स्पिरिटचा बोळा फिरवून जागा सुकू द्यायची. कातडी चिमटीत धरायची, नर्सनं दाखवलेल्या कोनात सुई झटकन आत घालायची, दट्ट्या सावकाश दाबायचा, क्षणभर थांबून सुई सरळ बाहेर. जागा चोळायची नाही. पहिल्या दोन-तीन वेळा नर्ससमोर स्वतः करून पाहायचं. नुसतं बघून हात बसत नाही.

खरी गोम आहे मात्रा मोजण्यात. बाजारात या औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या मिळतात. बाटली बदलली की किती एमएल भरायचं हेही बदलतं. त्यात सुई बारीक म्हणून इन्शुलिनची सिरिंज हातात दिली जाते. तिच्यावर एमएल नव्हे, युनिटच्या खुणा असतात. लाल टोपणाच्या सिरिंजवर ४० युनिट म्हणजे १ एमएल, केशरी टोपणाच्या सिरिंजवर १०० युनिट म्हणजे १ एमएल. म्हणजे ‘वीसच्या रेघेपर्यंत भरा’ असं कुणी सांगितलं, तर एका सिरिंजमध्ये अर्धा एमएल भरेल आणि दुसरीत त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि एमएलमध्ये, मराठीत, कागदावर लिहून मागायची. परवडत असेल तर आधीच भरलेली सिरिंज मिळते, ती घ्यावी. मोजण्याचा प्रश्नच मिटतो.

दुसरी गोष्ट मी कितीही वेळा सांगेन. हे औषध आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं गेल्यानं जगभरात माणसं दगावली आहेत. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१९ मध्ये यासाठी वेष्टनावर ठळक सूचना सक्तीची केली. आपल्याकडे चिठ्ठीवर इंग्रजीत दोन शब्द खरडलेले असतात आणि औषध घेणारी कधी शाळेतच गेलेली नसते. शिवाय सोबत फोलिक ॲसिडची गोळी दिलेली असते. तीही लहान, तीही बहुधा पिवळी. दोन्ही गोळ्या देतात तेव्हा अदलाबदल व्हायला कितीसा वेळ? एक वार ठरवा. ‘रविवारी’ असं कॅलेंडरवर लिहा, लिहिता येत नसेल तर त्या दिवसावर कुंकवाचं बोट टेकवा. फोलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या दिवशी.

या फोलिक ॲसिडची गोष्ट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा तिनं अभ्यास केला. यीस्टच्या अर्कानं त्या बऱ्या होतात हे तिला दिसलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. त्याच फोलेटचं काम अडवणारी औषधं १९४० च्या दशकात अमेरिकेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाली. त्यातलं एक हे मेथोट्रेक्झेट. आधी ते कॅन्सरवर वापरलं गेलं, आमवातासाठी अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. गिरणीतल्या त्या बायकांची नावं औषधांच्या इतिहासात कुठे सापडत नाहीत. पण या ज्ञानात त्यांच्या रक्ताचा वाटा आहे, हे आपण तरी विसरू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मेथोट्रेक्झेटवर असताना गर्भ राहता कामा नये. गर्भपात होऊ शकतो, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. अंगावर पाजणाऱ्या बाईनंही ते घ्यायचं नाही. मूल हवं असेल तर कितीतरी आठवडे आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलावं लागतं. मला ज्या दवाखान्यात हे औषध सुरू झालं, तिथे मूल हवं आहे का, गर्भनिरोधक काय वापरता, हे कुणीही विचारलं नाही. मी समाजकार्य शिकलेली, म्हणून मीच विचारलं. जिला नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, जिच्या घरात पाळणा कधी हलणार याची वाट बघतात, तिनं काय करायचं? तिला औषधासोबत गर्भनिरोधकाचा सल्ला आणि नवऱ्याशी बोलणारं कुणीतरी, दोन्ही हवं.

रक्ततपासण्या चुकवायच्या नाहीत: रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड. दारू टाळायची. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला, दम लागणं, असं काही झालं तर पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल लिहून दिलं जातं. ते याच्यासोबत घातक ठरू शकतं, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलं की आधी ‘मी मेथोट्रेक्झेट घेते’ हे सांगायचं.

आणि वापरलेली सुई? टोपण पुन्हा लावायचं नाही, जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाकायची. डबा भरत आला की दवाखान्यात द्यायचा. ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकलेली सुई शेवटी कचरा वेचणाऱ्या बाईच्या बोटात शिरते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही अशा सुया घरगुती घातक कचऱ्यात धरल्या. आपलं स्वावलंबन दुसऱ्या बाईच्या जखमेवर उभं राहायला नको.

स्त्री चळवळीला इंजेक्शन हा विषय नवा नाही. १९८६ मध्ये हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतर मैत्रिणी नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. बाईला पूर्ण माहिती न देता तिच्या अंगात औषध टोचता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. तोच प्रश्न इथेही आहे, फक्त सुई धरणारा हात आता आपला आहे. हात आपला असला तरी माहिती दुसऱ्याच्याच खिशात राहिली, तर नर्सचं काम फुकटात बाईवर ढकललं, एवढाच त्याचा अर्थ होतो. आणि ज्या बाईची बोटं इतकी सुजली आहेत की दट्ट्याच दाबला जात नाही, तिला ‘स्वतःचं स्वतः कर’ म्हणणं हा तर जुलूम आहे. तिच्यासाठी सकाळऐवजी संध्याकाळची वेळ ठरवा, घरातलं कुणी, शेजारीण किंवा गटातली मैत्रीण शिकवून तयार करा. ती मैत्रीण गरोदर नसावी, एवढं बघा.

म्हणून आपल्या गटांनी तीन कामं घ्यावीत असं मला वाटतं. आपल्या वस्तीत हे औषध कोण घेते ते हळुवारपणे, गुप्तता राखून माहीत करून घेणं. दवाखान्याकडे मराठीत लिहिलेली चिठ्ठी आणि शिकवण्यासाठी नर्सचा वेळ मागणं. आणि पहिल्या चार आठवड्यांत त्या बाईच्या शेजारी बसणं. सुई तिची तीच टोचेल, आपण फक्त बसायचं.

आता प्रश्न विचारा. मी एक रिकामी सिरिंज आणि एक संत्रं आणलं आहे. ज्यांना हात बसवून बघायचा आहे, त्यांनी पुढे या.