वेळकाढूपणा आणि पंचाचे घड्याळ

फुटबॉलचा सामना 90 मिनिटांचा म्हणतात, पण व्यावसायिक सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण 55 ते 60 मिनिटे. बाकीचा वेळ थ्रो-इन, गोल-किक, कॉर्नर, फ्री किक, बदली खेळाडू, दुखापती आणि वादावादी यांत जातो. यातले पुष्कळसे थांबे खेळाचेच अंग आहेत. बाहेर गेलेला चेंडू कुणाला तरी आणावाच लागतो. हेच थांबे मुद्दाम लांबवणे म्हणजे वेळकाढूपणा. आघाडीवर असलेल्या संघाचा गोलरक्षक चेंडू तीनदा ठेवतो आणि उचलतो, बदली होणारा खेळाडू मैदानाच्या पलीकडच्या टोकाहून रमतगमत येतो, किरकोळ धक्क्यावर कुणी पोटरी धरून लोळतो. प्रतिस्पर्ध्याला बरोबरी साधायला जो वेळ नियमाने मिळाला आहे, तो असा काढून घेतला जातो. ही लबाडी आहे, आणि तिला चतुराई म्हणून गौरवणारे प्रशिक्षक खेळाचे नुकसान करतात.

कुवेतमधल्या शुऐबासारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ टीव्हीवरच्या सामन्यांचा राहत नाही. बंदर आणि कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणाऱ्या या किनारपट्टीला लागूनच फहाहील आणि अहमदी आहेत. फहाहील आणि अल-शबाब हे कुवेतच्या साखळीतले क्लब याच पट्ट्यातले. इथे नोकरी करणारे गोव्याचे, केरळचे आणि महाराष्ट्राचे लोक सुट्टीच्या दिवशी स्वतःचे संघ घेऊन मैदानात उतरतात. त्यांच्या स्पर्धांत सामने आखूड असतात. तिथे दोन मिनिटे लुबाडली, तर मोठ्या सामन्यातली पाच-सहा लुबाडल्यासारखेच होते.

शिवाय इथला उन्हाळा. कुवेतमधल्या मित्रिबा येथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. 1 जून ते 31 ऑगस्ट या काळात सकाळी 11 ते दुपारी 4 उघड्यावर काम करून घेण्यास देशात बंदी असते. अशा हवेत खेळताना विश्रांती लागतेच आणि नियमांनी ती मान्य केली आहे: पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंत, शरीर थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटे. मात्र तो वेळ सामन्याच्या शेवटी भरून द्यायचा असतो. खरा थकवा आणि नाटकी थकवा यांतला फरक दुरून ओळखणे पंचाला अवघड जाते, म्हणून विश्रांतीची वेळ आधी ठरवलेली असणे आखाती देशांत फार गरजेचे. ठरलेल्या वेळी सगळे एकदम थांबले, तर कुणालाही एकट्याने कोसळण्याचे कारण उरत नाही.

वेळेची भरपाई हा खेळाच्या नियमावलीतला सातवा नियम. बदली खेळाडू, दुखापतीची तपासणी, वेळकाढूपणा, कार्डे, पाण्याची विश्रांती, व्हिडिओ तपासणी, गोलनंतरचा जल्लोष, अशा सर्व कारणांनी गेलेला वेळ पंचाने मोजायचा. चौथा पंच फलकावर जो आकडा दाखवतो तो किमान असतो. पंच तो वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. प्रेक्षकांना हे ठाऊक नसते, आणि पाच मिनिटांचा फलक दाखवून सात मिनिटे खेळवली की आरडाओरडा होतो. वर्षानुवर्षे पंचांनी या गोंगाटाला भिऊन तीन-चार मिनिटांचा ठरीव आकडा दाखवायची सवय लावून घेतली होती. 2022 च्या कतार विश्वचषकात पंच समितीचे प्रमुख पिअरलुइजी कोलिना यांनी ती मोडली. इंग्लंड-इराण सामन्यात इराणी गोलरक्षकाच्या डोक्याला मार लागल्यावर दोन्ही अर्ध मिळून 27 मिनिटांहून अधिक भरपाई वेळ खेळवला गेला. त्यावर पुष्कळ कुरकुर झाली. पण गेलेला वेळ परत मिळणार हे कळले, की तो घालवण्यातला फायदा आपोआप घटतो.

भरपाईने सगळे साधत नाही, कारण वेळकाढूपणा घड्याळाइतकाच खेळाची लयही मारतो. जोरात चढाई करणाऱ्या संघाला तीन मिनिटे उभे करून ठेवले आणि नंतर ती तीन मिनिटे परत दिली, तरी तो जोर परत येत नाही. म्हणून काही गोष्टी मुळातच रोखाव्या लागतात. 1990 च्या इटलीतल्या विश्वचषकात बचावपटूने चेंडू गोलरक्षकाकडे मागे ढकलायचा आणि त्याने तो हातात धरून बसायचे, हा प्रकार कळसाला पोचला. पालेर्मोतला इजिप्त-आयर्लंड यांचा गोलशून्य सामना त्याचा नमुना मानला जातो. 1992 मध्ये सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. नवा नियम त्या वर्षीच्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये लागू होता आणि कुवेतचा संघ त्या स्पर्धेत खेळला. खेळ बदलणारी याहून परिणामकारक सुधारणा गेल्या अर्धशतकात झालेली नाही. ती पाळली गेली कारण गुन्हा डोळ्यांना दिसतो. पंचाला मनगटाकडे बघावे लागत नाही.

याउलट गत सहा सेकंदांच्या नियमाची झाली. गोलरक्षकाने चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवू नये, ठेवल्यास प्रतिस्पर्ध्याला अप्रत्यक्ष फ्री किक, असा नियम 2000 पासून कागदावर होता. गोलरक्षक बारा-पंधरा सेकंद चेंडू कवटाळत आणि पंच नजर फिरवत. कारण उघड आहे. गोलपासून आठ-दहा यार्डांवर फ्री किक देणे ही त्या चुकीच्या मानाने फार जबर शिक्षा वाटे. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या उपांत्य सामन्यात नॉर्वेच्या पंच क्रिस्टिना पेडरसन यांनी ती दिली. कॅनडा अमेरिकेविरुद्ध 3-2 ने पुढे होता. गोलरक्षक एरिन मॅक्लाउडने चेंडू जास्त वेळ धरला, फ्री किक मिळाली, तो फटका कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला लागला, त्यावर पेनल्टी झाली आणि ॲबी वॉम्बाकने बरोबरी साधली. जादा वेळेत अमेरिका 4-3 ने जिंकली. पंचांचा निर्णय नियमाला धरून होता. तरी कॅनडाचा राग समजण्यासारखा होता, कारण जो नियम कुणीच लावत नाही तो एका दिवशी, एकाच संघाला, पदकाच्या वाटेवर लावला गेला. न पाळला जाणारा नियम असा मनमानीसारखा भासतो, भले पंच प्रामाणिक असो.

2025 मध्ये फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने यावर योग्य तोडगा काढला. मुदत आठ सेकंद केली, शेवटच्या पाच सेकंदांत पंचाने हात वर करून बोटांनी उलटी गणती दाखवायची, आणि शिक्षा कॉर्नरची. म्हणजे मुदत वाढली, दंड हलका झाला आणि मोजणी सर्वांसमोर आली. आधीच्या चाचण्यांत प्रत्यक्ष कॉर्नर देण्याची वेळ फार क्वचित आली. गोलरक्षक बोटे पाहून चेंडू सोडू लागले. पंचाला पेलेल एवढाच दंड नियमात ठेवला तर तो लावला जातो, हे यातून दिसून आले.

पंचगिरीच्या दर्जाची चर्चा कुवेतमध्ये करायची आणि वायादोलिदचे नाव टाळायचे, हे शक्य नाही. 21 जून 1982 रोजी स्पेनमधल्या त्या शहरात कुवेत आपल्या पहिल्यावहिल्या विश्वचषकात फ्रान्सशी खेळत होता. फ्रान्स 3-1 ने पुढे असताना प्रेक्षकांतून शिटी ऐकू आली. ती पंचाची समजून कुवेतचे बचावपटू थांबले, आणि आलँ जिरेसने गोल केला. सोव्हिएत पंच मिरोस्लाव स्तुपार यांनी तो मान्य केला. खेळाडू विरोध करू लागले आणि कुवेत फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष शेख फहद अल-अहमद प्रेक्षागृहातून उतरून थेट मैदानात आले. बराच वेळ खेळ थांबला, आणि अखेर स्तुपार यांनी गोल रद्द केला. त्यानंतर फ्रान्सने आणखी एक गोल करून सामना 4-1 ने जिंकला. स्तुपार यांना पुढे आंतरराष्ट्रीय पंचगिरीला मुकावे लागले.

या घटनेकडे कुवेतची नामुष्की म्हणून पाहून सोडून देणे अन्यायाचे ठरेल. प्रेक्षकाच्या शिटीने खेळात व्यत्यय आला असे पंचाला वाटल्यास खेळ थांबवून ड्रॉप बॉलने पुन्हा सुरू करावा, असे आज नियमावलीत स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे कुवेतच्या खेळाडूंची तक्रार निराधार नव्हती, आणि स्तुपार यांनी शिटीच्या क्षणीच खेळ थांबवला असता तर त्यांना कुणी बोल लावला नसता. दोष होता तो निर्णय कुणाच्या दबावाखाली फिरला यात. मैदानात पंचाखेरीज दुसऱ्या कुणाचा शब्द चालतो असे एकदा दिसले, की त्या सामन्यातला एकही निर्णय कुणी मनापासून मानत नाही. वीस वर्षांनी याच देशाच्या साद माने यांनी 2002 च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकाच्या, कोरिया-तुर्कस्तान सामन्याची पंचगिरी केली. त्याच स्पर्धेत भारताचे के. शंकर सहायक पंच होते. कुवेतच्या फुटबॉलने वायादोलिदइतकीच माने यांची आठवणही जपली पाहिजे.

वायादोलिदच्या घटनेला बरोबर 41 वर्षे झाली त्या दिवशी, 21 जून 2023 रोजी, बेंगळुरूत सॅफ (दक्षिण आशियाई) करंडकातला भारत-पाकिस्तान सामना सुरू होता. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इन घेत असताना भारताचे प्रशिक्षक इगोर स्तिमाच यांनी त्याच्या हातातला चेंडू काढला आणि लाल कार्ड ओढवून घेतले. भारत तेव्हा आघाडीवर होता. सहा दिवसांनी कुवेतविरुद्ध त्यांना पुन्हा लाल कार्ड मिळाले. त्या सामन्यात अन्वर अलीच्या स्वयंगोलमुळे कुवेतने भरपाई वेळेत 1-1 अशी बरोबरी साधली. पुढे उपांत्य सामन्यात आणि कुवेतविरुद्धच्याच अंतिम सामन्यात बाकावरची जबाबदारी गोव्याच्या महेश गवळी यांनी सांभाळली आणि भारताने पेनल्टी शूटआउटमध्ये करंडक जिंकला. स्तिमाच यांच्या पहिल्या कृतीबद्दल भारतीय प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, हे खेदाचे होते. दुसऱ्याचा थ्रो-इन रोखणे आपल्या प्रशिक्षकाने केले म्हणून शौर्य होत नाही.

व्हिडिओ साहाय्यामुळे पंचगिरी सुधारली, पण वेळेचा नवा खर्चही आला. ऑफसाइडची रेषा आखत तीन-चार मिनिटे थांबणे प्रेक्षकाला जाचते. तरी व्हिडिओ साहाय्य नसल्याची किंमत भारताने दोहात मोजली. 11 जून 2024 रोजी विश्वचषक पात्रता सामन्यात गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू परत ओढून कतारने बरोबरीचा गोल केला, तो मान्य झाला आणि भारत 1-2 ने हरला. त्या दिवशी अफगाणिस्तानला हरवून गटातून पुढची फेरी गाठणारा संघ कुवेतचा होता. दोन मिनिटांची तपासणी भारताच्या वर्षभराच्या मेहनतीपुढे काहीच नव्हती.

खोट्या दुखापतीवर अमेरिकेतल्या साखळीने उपाय काढला आणि 2025 च्या कतारमधल्या अरब करंडकात, जिथे कुवेतही खेळला, तो आजमावला गेला: मैदानात उपचार घेतलेल्या खेळाडूने दोन मिनिटे बाहेर थांबायचे. प्रतिस्पर्ध्याला कार्ड मिळाले असेल किंवा डोक्याला मार असेल, तर सवलत हवीच. खऱ्या जखमीला शिक्षा होता कामा नये.

हौशी स्पर्धांत चौथा पंच नसतो, कॅमेरे नसतात आणि बहुधा एकच पंच शिटी, घड्याळ आणि वही सांभाळतो. त्याच्यासाठी सुचवण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. वेळ धरणारा दुसरा माणूस रेषेबाहेर असावा आणि थांब्यांची नोंद त्याने ठेवावी. पाण्याची विश्रांती कोणत्या मिनिटाला, हे नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना सांगावे. बाहेर जाणाऱ्या खेळाडूने जवळच्या रेषेतून जावे, या 2019 पासूनच्या नियमाची अंमलबजावणी करावी. पंचाशी बोलण्याची मुभा फक्त कर्णधाराला असावी, आणि पहिले पिवळे कार्ड शेवटच्या दहा मिनिटांची वाट न पाहता वेळकाढूपणा पहिल्यांदा दिसेल तेव्हाच, मग ते पहिल्या अर्धात का असेना, दाखवावे. पंचांना मानधन आणि नियमांचे प्रशिक्षण वर्षाच्या सुरुवातीलाच मिळावे, आणि तो खर्च संघांच्या प्रवेशशुल्कातून बाजूला काढून ठेवावा.