बोलायला जागा, मताला नाही

(युवा अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



दोस्तहो, आजचा विषय फळ्यावर पाहून तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, की वॉशिंग्टनच्या लोकांना मत आहे की नाही, याच्याशी आपला काय संबंध? आपल्या मोहल्ल्यात गटार तुंबलंय, नळाला पाणी नाही, त्यावर बोला की! मी गटारावरही बोलणार आहे. पण त्याआधी थोडं दूर जाऊन येऊ. दुसऱ्याच्या घरातली भेग आपल्याला लवकर दिसते, आणि ती पाहून आलं की आपल्या भिंतीकडेही नीट लक्ष जातं.

मी राज्यशास्त्र शिकवते. लोकशाहीचा धडा आला की अमेरिकेचं नाव येतंच. त्या अमेरिकेच्या राजधानीत, म्हणजे वॉशिंग्टन डी.सी. मध्ये, २०२० च्या जनगणनेनुसार ६,८९,५४५ लोक राहतात. ते केंद्राचा आयकर भरतात. तिथली मुलं सैन्यात जातात, युद्धात मरतात. पण देशाचे कायदे करणाऱ्या संसदेत, जिला तिथे काँग्रेस म्हणतात, त्यांच्या बाजूने अंतिम मतदानात हात वर करणारं कुणी नाही. सिनेटच्या १०० जागांपैकी त्यांची एकही नाही. प्रतिनिधीगृहात त्यांची एक प्रतिनिधी बसते. ती भाषण करू शकते, विधेयक मांडू शकते, समितीत मत देऊ शकते. मात्र सभागृहात विधेयक मताला आलं की तिचं मत नाही. एलेनॉर होम्स नॉर्टन या बाई १९९१ पासून ही जबाबदारी सांभाळत आल्या. बोलायला जागा आहे, मताला नाही.

आता दुसरा आकडा पाहा. वायोमिंग नावाच्या राज्याची लोकसंख्या त्याच जनगणनेत ५,७६,८५१ होती. राजधानीपेक्षा लाखभराने कमी. पण वायोमिंगला दोन सिनेटर आहेत, एक पूर्ण अधिकाराचा प्रतिनिधी आहे. राजधानीतल्या माणसाचा गुन्हा एवढाच, की त्याचं घर राजधानीत आहे.

हे झालं कसं? १७८३ मध्ये फिलाडेल्फियात पगार थकलेल्या सैनिकांनी काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सरकारने संरक्षण द्यायला टाळाटाळ केली आणि काँग्रेसला शहर सोडून जावं लागलं. तेव्हा नेत्यांनी ठरवलं की राजधानी कुठल्याही राज्याच्या मेहेरबानीवर नको. राज्यघटनेत तरतूद झाली की दहा मैल लांब आणि दहा मैल रुंद इतक्या मर्यादेतला एक जिल्हा असेल आणि त्यावर सत्ता फक्त काँग्रेसची असेल. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांनी जमीन दिली. १८०० मध्ये सरकार तिथे राहायला गेलं. पुढच्याच वर्षी, १८०१ च्या कायद्याने तो सगळा भाग काँग्रेसच्या ताब्यात आला आणि तिथल्या रहिवाशांचं काँग्रेससाठीचं मत गेलं. कारण सुरक्षेचं होतं. पण सुरक्षेसाठी इमारत सांभाळावी लागते. त्यासाठी शेजारच्या सुताराचं आणि बेकरीवाल्याचं मत का जावं, याचं समाधानकारक उत्तर दोनशे वर्षांत मिळालेलं नाही.

त्या काळातल्या एका रहिवाशाची ओळख तुम्हाला करून देते. नाव यारो मामूत. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मुसलमान. आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षं गुलामीत गेली. १७९६ मध्ये तो मुक्त झाला आणि १८०० मध्ये, म्हणजे राजधानी वसत होती त्याच वर्षी, त्याने आजच्या वॉशिंग्टनचाच भाग असलेल्या जॉर्जटाउनमध्ये स्वतःच्या पैशाने जागा घेतली. बँकेचे शेअर घेतले. चार्ल्स विल्सन पील या नामांकित चित्रकाराने १८१९ मध्ये त्याचं चित्र काढलं. हा माणूस रस्त्याने अल्लाहची स्तुती गात जाताना दिसतो, असं पीलने नोंदवून ठेवलं आहे. १८२३ मध्ये तो वारला. घर होतं, पैसा होता, इज्जत होती. मताचा प्रश्नच नव्हता. त्याच्या गोऱ्या शेजाऱ्याला निदान स्थानिक कारभारासाठी मत होतं. पण काँग्रेससाठी त्या शेजाऱ्यालाही नव्हतं.

पुढचा भाग नीट ऐका, कारण इथे कारण बदलतं. १८६२ च्या एप्रिलमध्ये राजधानीतली गुलामगिरी संपली. १८६७ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा नकार डावलून काँग्रेसने तिथल्या कृष्णवर्णीय पुरुषांना स्थानिक मताचा अधिकार दिला. ते मत देऊ लागले, निवडून येऊ लागले. आणि १८७४ मध्ये काँग्रेसने शहराचा निवडलेला कारभारच बंद केला. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले तीन आयुक्त शहर चालवू लागले. शहर कर्जात बुडालं होतं हे खरं आहे. पण अलाबामाच्या एका सिनेटरने १८९० मध्ये सभागृहात उघडपणे सांगितलं, की कृष्णवर्णीयांचं मत नको असेल तर सगळ्यांचंच मत काढणं भाग होतं. म्हणजे शेजाऱ्याचं मत जावं म्हणून गोऱ्या रहिवाशाचंही मत गेलं, आणि अनेक गोऱ्यांनी ते चालवून घेतलं. पुढची जवळजवळ शंभर वर्षं कुणालाच आपला महापौर निवडता आला नाही. दुसऱ्याचा हक्क काढून घेणारा कायदा आपल्या दाराशी थांबत नाही, हे मी वर्गात शिकवते तेव्हा याच शहराचं उदाहरण देते.

मग हक्क आले, पण हप्त्याहप्त्याने. १९६१ मध्ये तेविसावी घटनादुरुस्ती झाली आणि १९६४ मध्ये राजधानीच्या लोकांनी पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षपदासाठी मत दिलं. १९७० च्या कायद्याने ती बिनमताची प्रतिनिधीची जागा मिळाली. तिच्यावर आधी निवडून आले वॉल्टर फॉन्ट्रॉय. ते पाद्री होते आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी.

तरुणांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट फॉन्ट्रॉय यांनी केली. राजधानीला स्वराज्य देण्याचं विधेयक प्रतिनिधीगृहाच्या एका समितीत वर्षानुवर्षं अडकत होतं. समितीचे अध्यक्ष होते जॉन मॅकमिलन, दक्षिण कॅरोलायना राज्यातून निवडून येणारे. वॉशिंग्टनचा नागरिक त्यांच्याविरुद्ध मत देऊ शकत नव्हता. पण दक्षिण कॅरोलायनातला कृष्णवर्णीय मतदार देऊ शकत होता. १९६५ च्या मतदान हक्क कायद्यामुळे तिथे हजारो नवी नावं यादीत आली होती. फॉन्ट्रॉय आणि त्यांचे साथी मॅकमिलन यांच्या मतदारसंघात गेले, लोकांना भेटले, तुमचा खासदार आमच्या शहराचा गळा आवळून बसलाय हे समजावलं. १९७२ मध्ये मॅकमिलन पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले. पुढच्याच वर्षी, १९७३ मध्ये, स्वराज्याचा कायदा मंजूर झाला. १९७४ मध्ये राजधानीने शतकानंतर आपला महापौर निवडला.

यात चमत्कार नव्हता. आपलं काम कुणाच्या टेबलावर अडलंय, त्या माणसाला कुणाची मतं लागतात, आणि ती मतं देणारे आपले ओळखीचे कोण आहेत, एवढेच प्रश्न त्यांनी विचारले. मतदार यादीत वाढलेल्या नावांनी बाकीचं काम केलं.

पण स्वराज्य पूर्ण नव्हतं. आजही त्या शहराच्या परिषदेने केलेला कायदा काँग्रेस रद्द करू शकते. २०२३ मध्ये शहराच्या नव्या फौजदारी कायद्याचं तसंच झालं. ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर हल्ला झाला तेव्हा महापौर नॅशनल गार्डला थेट हुकूम देऊ शकत नव्हत्या. राज्याचा गव्हर्नर असता तर देऊ शकला असता. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याच १९७३ च्या कायद्यातल्या एका कलमावर बोट ठेवून शहराचं पोलिस खातं ३० दिवसांसाठी आपल्या हाताखाली घेतलं. वरून दिलेलं वरून काढता येतं. म्हणूनच तिथले लोक पूर्ण राज्याचा दर्जा मागतात. २०१६ च्या सार्वमतात सुमारे ८६ टक्के लोकांनी राज्याच्या बाजूने कौल दिला. २०२० आणि २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहाने तसं विधेयक मंजूरही केलं. दोन्ही वेळा ते सिनेटमध्ये अडलं, म्हणजे जिथे राजधानीचं कुणीच नाही तिथे.

विरोधकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. ते म्हणतात, राजधानी स्वतंत्र असावी हा घटनाकारांचा हेतू होता. राज्य करायचं तर आधी घटनादुरुस्ती करा. काहींचा पर्याय आहे की वस्तीचा भाग मेरीलँडला परत द्यावा. व्हर्जिनियाचा भाग १८४६ च्या कायद्याने परत दिला गेला होता, हे खरं आहे. राज्य मागणाऱ्यांचं उत्तर असं, की संसद, राष्ट्राध्यक्षांचं निवासस्थान आणि सरकारी इमारतींचा छोटा भाग केंद्राकडे ठेवा, बाकी वस्तीचं राज्य करा. यावर प्रामाणिक चर्चा होऊ शकते. पण एक गोष्ट उघड आहे. हे शहर डेमोक्रॅटिक पक्षाला भरभरून मतं देतं, त्यामुळे दोन नवे सिनेटर कुणाचे असतील हे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे. माझं मत विचाराल तर, माणूस कुणाला मत देईल हे पाहून त्याला मत द्यायचं की नाही हे ठरवणं, ही लोकशाही नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या राजधानीतल्या मतदाराची स्थिती बरी आहे. दिल्लीचे सात खासदार लोकसभेत पूर्ण मताने बसतात. पण दिल्लीलाही १९५२ मध्ये विधानसभा मिळाली आणि १९५६ मध्ये गेली. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने ती परत आली, तरी पोलिस, कायदा-सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडेच राहिले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने अधिकाऱ्यांवरचं नियंत्रण निवडून आलेल्या सरकारकडे असल्याचा निकाल दिला. आठ दिवसांत केंद्राचा वटहुकूम आला, ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. म्हणजे वॉशिंग्टनच्या माणसाला संसदेत मत नाही, आणि दिल्लीच्या माणसाने निवडलेल्या सरकारचे हात आखडलेले आहेत.

आणि आपली मुंबई? राज्याच्या राजधानीतल्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ २२७ नगरसेवकांच्या जागी एक प्रशासक कारभार पाहत होता. राज्यातल्या इतर अनेक महापालिकांचंही तेच. प्रभागरचना आणि आरक्षण यांचे वाद कोर्टात होते, हे कारण होतंच. पण गटार तुंबलं तर जायचं कुणाकडे? अर्ज घेणारा अधिकारी होता. पुढच्या वेळी मत मागायला दारात येणारा माणूस नव्हता. हा फरक गरीब वस्तीला आधी कळतो. वॉशिंग्टनने जी शंभर वर्षं काढली, त्याची छोटी चव आपण घेतली, आणि फारसा आवाजही केला नाही.

दोस्तहो, मला अनेकदा विचारलं जातं, "मॅडम, आपल्या मताने काय होतं?" ज्यांच्याकडे मत नाही त्यांना हा प्रश्न विचारून पाहा. त्यांनी गाड्यांच्या नंबरप्लेटवर तक्रार कोरली आहे: कर घेता, पण प्रतिनिधित्व देत नाही. २००० पासून ती वाक्यं रस्त्यावर धावताहेत.

आज घरी गेल्यावर तीन कामं करा. मतदार यादीत आपलं आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव पाहा. अम्मीचं, दादीचं, लग्न होऊन आलेल्या भाभीचं आधी पाहा, कारण पत्ता आणि नावाचं स्पेलिंग बदलल्याचा फटका बायकांना जास्त बसतो. नाव नसेल तर नमुना ६, चूक असेल तर नमुना ८. सतरा पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो. दुसरं, आपल्या गल्लीचा कुठला प्रश्न कुणाच्या टेबलावर आहे याची वही करा: महापालिका, राज्य की केंद्र. आणि तिसरं, शेजाऱ्याचं नाव यादीतून गळलं असेल, तो कुठल्याही जातीधर्माचा असो, तर त्याच्यासोबत कार्यालयात जा. नमुन्याच्या प्रती मी आणल्या आहेत, मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना घेऊन जा.