निरोपाचा विलंब आणि दोषाची पारख

(कोन, तालुका भिवंडी येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



भिवंडीच्या परिसरात यंत्रमागाचा आवाज कोणास परका नाही. आडवा धागा तुटला की माग तेथल्या तेथे थांबतो. दूरच्या निरोपाची वाट पाहत नाही. परंतु ज्या यंत्रणेचे एक टोक आपल्या तालुक्यात आणि दुसरे विदर्भात आहे, तिच्यातील बिघाड ओळखावयाचा कसा, हा आजचा आमचा विषय आहे.

अशी यंत्रणा पडघे येथे आहे. चंद्रपूरची वीज तेथे सुमारे 752 किलोमीटर लांबीच्या, 500 किलोव्होल्ट दाबाच्या एकदिश वाहिनीने येते. 1999 साली कार्यान्वित झालेल्या या वाहिनीची क्षमता 1500 मेगावॅट आहे. अशा वाहिनीच्या दोन्ही टोकांच्या नियंत्रकांत निरोपांची देवघेव चालते. प्रकाशतंतूतूनसुद्धा एवढे अंतर तोडण्यास निरोपाला जवळजवळ 4 मिलिसेकंद लागतात. मधल्या उपकरणांचा वेळ निराळाच.

हा विलंब क्षुल्लक नव्हे. एका टोकाहून किती प्रवाह निघाला आणि दुसऱ्यास किती पोहोचला, यांची तुलना हा दोष शोधण्याचा एक मार्ग आहे. प्रवाह वाढत असता येथील ताज्या मापाशी तेथील शिळे माप ताडून पाहिले, तर फरक दिसणारच आणि निर्दोष वाहिनीवर आळ येईल. म्हणून आपले माप काही काळ स्मरणात राखून एकाच क्षणाची दोन मापे समोरासमोर ठेवावी लागतात. उरलेला फरक ठरावीक मर्यादेबाहेर टिकून राहिला, तरच तो दोष मानावयाचा. मर्यादा फार लहान ठेवली तर खोटी हाकाटी होते. फार मोठी ठेवली तर खरा दोष निसटतो. निरोपच खुंटला, तर तुलना स्थगित ठेवणे उचित. मौन म्हणजे दोषाचा पुरावा नव्हे. मोठा आघात मात्र प्रत्येक टोकाने मागाप्रमाणे स्वतःच्याच मापावरून ओळखावयाचा असतो.

वाहिनी गमावण्याचे मोल आपण जाणतोच. 12 ऑक्टोबर 2020 रोजी पडघे-कळवे मार्गासह काही वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई-ठाण्यातील आगगाड्या खोळंबल्या. त्या घटनेची कारणे निराळी होती. परंतु व्यर्थ तोडलेली वाहिनी आणि वेळेवर न तोडलेली वाहिनी, दोन्ही घातकच.

आपल्या तरुणांनी या शास्त्राकडे वळावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ज्या यंत्रणेच्या तारा आपल्या तालुक्यात येऊन पोहोचतात, तिचे ज्ञानही आपल्या घरांत यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.