परिचारिकेचे श्रम: नोंदलेले आणि न नोंदलेले



भिलाईचे नाव घेताच डोळ्यांपुढे झोतभट्टी उभी राहते. या पोलाद कारखान्यासाठी 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलाद टनांत मोजता येते. परंतु ते घडविणाऱ्या हातांना जपणाऱ्या हातांची नोंद कोठे होते? सेक्टर 9 मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालयात आयुष्य वेचून काळाच्या पडद्याआड गेलेल्या परिचारिकांचे स्मरण करताना हाच प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे.

कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली आणि देशाच्या सर्व प्रांतांतून कुटुंबे तेथे आली. गावाकडे बाळंतपण, आजारपण आणि शुश्रूषा यांचा भार आजी, काकू, आत्या उचलीत. नव्या वसाहतीत ही वडीलधारी माणसे नव्हती. ती उणीव ज्यांनी भरून काढली, त्यांत परिचारिका अग्रभागी होत्या. रुग्णालयातील ‘सिस्टर’ गल्लीत मावशी झाली. रात्रपाळी संपवून आलेली ही स्त्री स्वयंपाक उरकी, वृद्ध सासऱ्यांची औषधे देई आणि शेजारच्या तापलेल्या मुलाची नाडीही पाही. तिच्या नियमित वेतनातून धाकट्या भावंडांची शिक्षणे होत. कुटुंबाचा कर्ता म्हणून कागदोपत्री नाव दुसऱ्याचे असले, तरी घराचा आधारस्तंभ अनेकदा तीच असे.

या सेवेचे मोल संकटात कळते. 9 ऑक्टोबर 2018 रोजी भिलाई कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातील गॅसवाहिनीला आग लागून अनेक कामगार होरपळले. त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. जखमींवर याच रुग्णालयात उपचार झाले. भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत शरीरातील द्रवाचे प्रमाण राखणे, दर तासाला लघवीची नोंद ठेवणे, जखमा निर्जंतुक ठेवून मलमपट्टी बदलणे ही कामे अहोरात्र चालतात. त्यांत खंड पडला, तर डॉक्टरांचे कौशल्यही अपुरे ठरते.

येथे अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा मुद्दा उपस्थित होतो. परिचारिकेने रुग्णालयात केलेली मलमपट्टी राष्ट्रीय उत्पन्नात गणली जाते; तिनेच घरी येऊन सासूबाईंच्या जखमेवर केलेली मलमपट्टी मात्र गणली जात नाही. आंतरराष्ट्रीय राष्ट्रीय लेखापद्धतीने कुटुंबीयांसाठी विनावेतन केलेल्या सेवांना उत्पादनाच्या सीमेबाहेर ठेवले आहे. हात तेच, कौशल्य तेच. फरक केवळ वेतनाचा.

या अदृश्य श्रमांचे आकारमान लहान नाही. 2024 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर असे काम करणारे पुरुष 88 मिनिटे. कुटुंबातील व्यक्तींची काळजी घेणाऱ्यांमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे 137 आणि 75 मिनिटे आहे. म्हणूनच शाश्वत विकास उद्दिष्टांतील 5.4 हे लक्ष्य विनावेतन सेवाकार्याला मान्यता देण्याचा आग्रह धरते.

परिचर्येच्या व्यवसायाला प्रतिष्ठाही सहज लाभलेली नाही. 1909 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सेवासदनाच्या माध्यमातून रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, विशेषतः विधवांना, या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा समाजाचा रोष पत्करावा लागला होता. आज प्रश्न प्रतिष्ठेइतकाच व्यवस्थेचा आहे. 2017 च्या कायदादुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची प्रसूती रजा आणि 50 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद झाली. परंतु रात्रपाळीच्या वेळीही ते पाळणाघर उघडे असेल आणि वृद्धांच्या शुश्रूषेचा भार घरातील पुरुषही उचलतील, तरच या तरतुदीला अर्थ येईल.

अशी परिचारिका निवर्तते तेव्हा कार्यालयात निवृत्तिवेतनाची फाईल बदलते. घरात मात्र तिची जागा भरण्यासाठी तीन-चार माणसांना आपले दिनक्रम बदलावे लागतात. तिच्या न नोंदलेल्या श्रमांचे मोल त्या दिवशी सर्वांना उमगते. ते तिच्या हयातीतच उमगावे आणि नियोजनात त्याला स्थान मिळावे, हीच तिला खरी आदरांजली होय.